दिसेल ते लिहा

समोरच्या खुर्चीतला माणूस तक्ता वाचत नव्हता, पाठ म्हणत होता. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढल्यावर हे ऐकूनच कळतं. खरा वाचणारा अडखळतो, मान पुढे काढतो, डोळे बारीक करून एखाद्या अक्षरावर उगाच रुसतो; पाठ म्हणणारा घडाघडा सुटतो. तिने काही न बोलता तक्ता फिरवून मागची बाजू पुढे केली, तसा गडी ठार गप्प. एरवी तिला याचं हसू आलं असतं. डोळे स्वतःचे आणि फसवायचंही स्वतःलाच, ही गंमत दुसऱ्या कुठल्या धंद्यात बघायला मिळणार? पण त्याच वेळी काउंटरवरचा फोन थरथरला, तिने सवयीने तिरक्या नजरेने पाहिलं, आणि हसू ओठांपर्यंत आलंच नाही. "मॅडम, 'दोन हजार बाळंतपणं' लिहिणारी बाई माझी आजी. तिचं पुस्तक काल पहिल्यांदा तुमच्या ग्रंथालयात उघडून वाचलं. हे माझ्या आजीने लिहिलेलं नाही. मूळ पानांचे फोटो पाठवा." खाली कृपया नाही, धन्यवाद नाही. हाताखालच्या कागदावर तिने डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याच्या चौकटीत लिहिला, खोडला, आणि पुन्हा तिथेच लिहिला.

आधी तिला त्या नातीचाच राग आला. फुकट राबणाऱ्यांवर डाफरायला लोकांची जीभ उचलते कशी, हा तिचा जुनाच प्रश्न होता. हे ग्रंथालय म्हणजे काही इमारत नव्हे. कुठे न मिळणारी, कुणी पुन्हा न छापणारी जुनी पुस्तकं लोक आणून देत, त्यांच्या पानांचे फोटो निघत, यंत्र ते फोटो वाचून मजकूर तयार करी, आणि यंत्राने घातलेला गोंधळ घरोघरी बसलेली त्रेचाळीस माणसं निस्तरत. संगणकाच्या पडद्याच्या डाव्या अंगाला पानाचा फोटो, उजव्या अंगाला मजकूर. इकडची ओळ, तिकडची ओळ, असं जुळवत जायचं. एकाने वाचलेलं पान दुसऱ्याने वाचायचं, दोघांची खूण झाली की तिने पुस्तकावर 'पक्कं' असा शिक्का मारायचा. त्या त्रेचाळिसांत बँकेतले होते, एक दंतवैद्य होता, आजारी आईच्या उशाशी दिवसभर बसून असणारी एक मुलगी होती. त्यांना पानं वाटायची, रुसवे काढायचे, आळशांच्या मागे लागायचं आणि उत्साही लोकांना आवरायचं, ही तिची कामं. पगार नाही, खुर्ची नाही, नाव कुठे छापून येत नाही. नियम मात्र तिचा होता, आणि तो एकच होता. दिसेल ते लिहा. लेखक चुकला असेल तर चूक लिहा, बरळला असेल तर बरळणं लिहा; आपण नुसते डोळे, तोंड त्याचं. दर नव्या माणसाला ती हे स्वतः फोन करून सांगे, आणि सांगताना आपण काहीतरी फार स्वच्छ बोलतोय असं तिला वाटे.

"कोणतं पान?" असं तिने कोरडेपणाने विचारलं. उत्तर लगेच आलं, जणू ती मुलगी फोन हातात धरूनच बसली होती. पान एक्केचाळीस. तिथे लिहिलं होतं, 'माझे यजमान अत्यंत सुस्वभावी व धर्मपरायण होते. पती हा स्त्रीच्या जीवनाचा आधारस्तंभ होय.' आणि खाली नातीचं: "मॅडम, आजीने यजमान हा शब्द उभ्या जन्मात तोंडातून काढला नाही. आजोबांना ती 'मुडदा' म्हणायची. ते जिवंत असताना, त्यांच्या तोंडावर." तिने ते वाक्य दोनदा वाचलं. यंत्र चुकतं ते यंत्रासारखं. कान्याची वेलांटी करील, दोन ओळींची खिचडी करील. आधारस्तंभ उभारायला माणूस लागतो. आणि तो माणूस कोण, हे तिला नोंद न उघडताच कळलं, कारण ते पुस्तक इतकं फिकट छापलेलं होतं की यंत्राने त्यापुढे हात टेकले होते, आणि फोटो बघून अख्खं पुस्तक आपल्या हाताने टंकायला त्रेचाळिसांतला एकच जण तयार झाला होता. बिनचूककाका. वय अठ्ठ्याहत्तर, उभी हयात सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली, गाड्यांची वेळापत्रकं, अर्ज, मतपत्रिका. त्यांचं नाव गटातल्या पोरींनी ठेवलं होतं, आणि तिनेच ते कौतुकाने पसरवलं होतं.

त्यांची पानं इतकी निर्मळ येत, की दुसऱ्या वाचणाऱ्याला त्यांत काही सापडतच नसे. लोक एका मिनिटात खूण करून परत पाठवत. म्हणजे वाचतच नसत, हे तिला ठाऊक होतं. समोरचा माणूस तक्ता पाठ म्हणतोय हे जिला ऐकून कळतं, तिला एवढंही कळणार नाही? मग तीच म्हणाली, हे नाटक कशाला? काम तुंबलंय, माणसं कमी आहेत, काकांच्या पानांना दुसरी नजर नको. त्यांचं पान थेट पक्कं. त्रेचाळिसांतल्या एकाच माणसाला तिने ही सूट दिली होती, आणि छप्पन्न पुस्तकं त्या सुटीतून आरपार गेली होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते निदान आंधळं तरी असतं. हिला तर दिसत होतं. तिने दुकानामागच्या बोळात जाऊन ग्रंथालयाचं यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावला आणि मूळ फोटो मागितले. तो म्हणाला, "ताई, ते तर नाहीत." नाहीत म्हणजे? "जागा भरली होती ना. पक्क्या पुस्तकांचे फोटो सहा महिन्यांनी काढून टाक, असं तुम्हीच सांगितलं होतंत. मी लेखी मागितलं होतं तुमच्याकडून. पाठवू का?" नको, ती म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि पुस्तक? दोन वर्षांपूर्वी नात स्वतः ते घेऊन दुकानात आली होती. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी, हाताला औषधाचा वास असलेली सडपातळ मुलगी. एवढी एकच प्रत उरलीय, ती म्हणाली होती. आजीने शंभर छापल्या होत्या, बाळंतिणींना वाटल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन शोधल्या, कुणी म्हणालं वाळवी लागली, कुणी म्हणालं रद्दीत गेली. पानं सपाट यावीत म्हणून पुस्तकाची पाठ कापावी लागते, हे ऐकून ती जरा बिचकली. मग सुटी पानं मला परत द्याल? तिने विचारलं. आणि हिने, आपल्या समजूतदार आवाजात, ज्या आवाजात ती गिऱ्हाइकांना सांगते की चष्मा लागणं काही वाईट नाही, त्या आवाजात सांगितलं, "अहो, हात लावला की चुरा होतोय त्यांचा. एकदा फोटो निघाले की त्या कागदाची गरज काय? पुस्तक कायमचं सुरक्षित झालं." कायमचं सुरक्षित. हे दोन शब्द तिला बोळात उभ्या उभ्या कुणीतरी थोबाडीत मारावी तसे लागले. पानं तिनेच पोत्यात भरून रद्दीवाल्याला दिली होती. पोत्याचं तोंड बांधताना सुतळी कमी पडली होती, हेसुद्धा तिला आठवलं.

"डोकं दुखतंय, जाते," असं दुकानाच्या मालकाला सांगून ती निघाली. तो म्हणाला, "जा, पण तो मघाचा नंबर दोन्ही डोळ्यांना उलटा लिहिलायस तू." एरवी ती शरमली असती; आज तिला त्याचाही राग आला. निदान इथे चूक झाली तर काच परत करता येते. दुपारच्या उन्हात दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली होती, पदपथ उखडलेला होता आणि ती तळपायाची आग मस्तकात गेल्यासारखी चालत होती. चालता चालता तिच्या लक्षात आलं, की मनातल्या मनात आपण काकांना अरेतुरे करतोय. तुला कुणी सांगितलं होतं रे? कुणाच्या परवानगीने? आणि हे प्रश्न नुसते काकांना नाहीत, हेही तिला तिसऱ्या चौकापर्यंत कळून चुकलं.

तिच्या नवऱ्याला तिची वाक्यं पुरी करायची सवय होती. माणूस वाईट नव्हता; वाईट असता तर सोपं झालं असतं. चार लोकांत ती काही सांगू लागली की तो हसून म्हणे, "म्हणजे हिला म्हणायचंय की," आणि मग हिला जे म्हणायचं नसे ते तो इतकं छान म्हणे, की ऐकणारे माना डोलावत. गाडी पाच तास बंद पडली होती तर तो दोन म्हणे. भांडण झालं होतं तर तो चर्चा म्हणे. हे सगळं तिने संसारातलं किडूकमिडूक म्हणून सोडून दिलं होतं. पण वडील गेले ती दुपार तिची होती. त्यांनी पाणी मागितलं होतं. तिने ऐकलं होतं. ती आत होती, चिडलेली होती, रात्रभर जागून दमलेली होती, आणि मनात म्हणाली होती, आत्ता तर दिलं होतं, थांबा जरा. दहा मिनिटांनी पेला घेऊन गेली तेव्हा पाणी प्यायला कुणी नव्हतं. तेराव्या दिवशी काकू आणि आत्या जमल्या होत्या, आणि तिने ते सांगायला तोंड उघडलं. "बाबांनी पाणी मागितलं, तेव्हा मी..." "ही शेजारीच होती," नवरा म्हणाला, तिच्या खांद्यावर हात ठेवून. "हिच्या हातून दोन घोट घेतले आणि शांतपणे गेले." आत्याने डोळ्यांना पदर लावला. केवढं भाग्य, काकू म्हणाली. आणि ती गप्प बसली. मूग गिळून, खांद्यावरच्या हाताखाली, उपकृत झाल्यासारखी. आता ती गोष्ट सगळ्यांना तशीच माहीत आहे. मुलगा आपल्या बायकोला तशीच सांगतो. कधीकधी तिला स्वतःलाही वडिलांच्या ओठांवरचं पाणी आठवतं, जे तिथे नव्हतं. ती दहा मिनिटं वाईट होती, पण तिची होती. दुसऱ्या कुणाच्या मालकीची नव्हती. मायेने केलं म्हणून काय झालं? माया केली म्हणून चोरी माफ?

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. सुनेने दार उघडलं. तिशीतली, केस वर बांधलेले, हात पिठाचे. "ताई? या ना. बाबा बसलेत कामालाच." खिडकीशी टेबल, टेबलावर संगणकाचा पडदा, पडद्याशेजारी पट्टी, भिंग आणि चार टोकदार पेन्सिली एका रेषेत. इस्त्रीच्या सदऱ्यातले काका लगबगीने उठले. त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा तिनेच करून दिला होता, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, काचा दोनदा बदलून. ह्या काचांतून केलं ह्यांनी हे सगळं, असं तिच्या मनात आलं आणि ती बसायच्या आधीच बोलली. "काका, 'दोन हजार बाळंतपणं' तुम्ही बदललंत?"

तिला वाटलं होतं ते नाकबूल करतील, गडबडतील, निदान घाम पुसतील. काका प्रसन्न हसले. "शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं. मला वाटलं, एवढी मेहनत पाण्यात गेली." त्यांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि तिच्यापुढे उघडून ठेवली, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तशी. वर लिहिलं होतं, 'सुधारणा'. खाली पट्टीने आखलेले चार रकाने: पान, ओळ, मूळ, सुधारित. अक्षर मोत्यासारखं. या एका पुस्तकाच्या एकतीस नोंदी होत्या. पान एक्केचाळीस, मूळ: 'नवरा म्हणजे दारात बांधलेलं जनावर. फरक एवढाच की जनावराला आपण बांधतो.' सुधारित: आधारस्तंभ. पान बावन्न, मूळ: 'पहिली पोर गेली तेव्हा मी रडले नाही. सुटली म्हटलं.' सुधारित: 'प्रथम कन्येच्या निधनाने माझे हृदय विदीर्ण झाले.' ती वाचत गेली. डाव्या रकान्यात कुणीतरी बाई दणदणीत आवाजात बोलत होती, आणि उजव्या रकान्यात तिच्या तोंडावर उशी दाबली जात होती, एकतीस वेळा, सुवाच्य अक्षरात. तिला रागाने वहीच्या ओळी नीट दिसेनात.

"नियम माहीत होता ना तुम्हाला?" तिने विचारलं. "दिसेल ते लिहा. मी स्वतः सांगितला होता."

"नियम नवशिक्यांना असतो," काका शांतपणे म्हणाले. "अडतीस वर्षं मी वेळापत्रकं तपासली, ताई. पाच वाजून दहा म्हणजे पाच वाजून दहा. गाडी रोज सहाला येते हे डोळ्यांनी दिसतंय, तरी छापायचं पाच दहा. एक टिंब आपल्या मनाचं घालायची सोय नव्हती. आता कुठे पुस्तकं हातात आली. त्या बाईंच्या भावना चांगल्या होत्या, पण लिहिता येत नव्हतं हो. मी फक्त त्यांना म्हणायचं होतं ते नीट म्हटलं."

"त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलं होतं!" आपला आवाज इतका चढू शकतो हे तिला माहीत नव्हतं. आतलं लाटणं थांबलं. "स्वतः लिहून स्वतः छापलं होतं त्यांनी. तुम्हाला कुणी बोलावलं होतं मधे?"

"ज्याचं करावं भलं," काका पुटपुटले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. तिला दया आली नाही. तिने पान उलटलं आणि शेवटच्या नोंदीपाशी थांबली. पान सत्त्याऐंशी. सुधारित: 'रुग्णसेवेची ओढ मला स्वस्थ बसू देईना.' मूळच्या रकान्यात मात्र वाक्य नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'लिहिण्याजोगे नाही.'

"इथे काय होतं?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ते सोडा."

"काय होतं, काका? फोटो राहिले नाहीत. प्रत राहिली नाही. ते आता कुठेच नाही, फक्त तुमच्या डोक्यात आहे."

"नवऱ्याने केलेली एक गोष्ट होती. जी चार भिंतींत राहावी. माझ्या हाताने मी ती वहीतसुद्धा उतरवली नाही, तोंडाने काय सांगणार? बाईंच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रू त्यांची, आणि किल्ली तुमच्याकडे?"

"पुस्तक घराघरांत जातं, ताई. लेकीसुनांच्या हातात पडतं."

सून दारात येऊन उभी होती हे दोघांनाही दिसलं नव्हतं. ती पिठाचे हात एकमेकांवर चोळत म्हणाली, "माझ्या हातात पडलं असतं, म्हणजे. मग मला सांगा ना, बाबा. काय केलं होतं त्या नवऱ्याने?"

"तू चहा ठेव," काका म्हणाले.

सून हलली नाही. मग काका खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि आता मला आठवतही नाही. वय झालंय." ती वही उचलून उठली. काकांचा हात वहीकडे गेला, पण ओढून घेण्याइतका पुढे आला नाही. जिन्यात सून मागून आली. कठड्याला धरून ती म्हणाली, "ते विसरत नाहीत, ताई. मी लग्नात कुठल्या रंगाची पिशवी आणली होती तेसुद्धा त्यांना आठवतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरा कामाला गेल्यावर, तिने नातीला फोन केला. रात्री तिने चार तऱ्हांनी हे सांगायची तयारी केली होती, आणि चारही तऱ्हांत ती थोडी थोडी बरी दिसत होती. म्हणून तिने सगळं उलटं, घाणीकडून सांगितलं: फोटो मी काढायला लावले. पानं मी पोत्यात भरली. त्या माणसाचं काम कुणी तपासू नये असं मीच ठरवलं. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता, जड, धापा टाकल्यासारखा. "मला नववा चालू आहे," नात शेवटी म्हणाली. "पहिल्या वेळेला काय होतं त्यावर आजीने एक अख्खं प्रकरण लिहिलंय. ते वाचायला उघडलं होतं मी. तिथे लिहिलंय, मातृत्व हे स्त्रीचं परमभाग्य." ती हसली, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "तुम्ही वाचलं होतं का, मॅडम? शिक्का मारण्याआधी?"

"नाही," ती म्हणाली.

"त्यानंतर?"

"नाही."

हा एकच प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. दोनशे चौदा पुस्तकं तिच्या शिक्क्याने पक्की झाली होती, आणि त्यांतलं एकही तिने वाचलं नव्हतं. वाटली होती, मोजली होती, त्यांच्या याद्या केल्या होत्या. चष्म्याच्या दुकानात बसून जगभरच्या काचा पुसाव्यात आणि एकदाही बाहेर बघू नये तसं. कालपासून पेटलेला राग विझला नाही, पण त्याला आता जायला दुसरं घर उरलं नाही. "वाक्यं वाचून दाखवा," नात म्हणाली. "वहीतली. हळूहळू."

तिने वाचली. जनावराचं वाक्य ऐकून नात लगेच म्हणाली, "हो, आजी." पहिल्या पोरीचं ऐकून नुसतंच म्हणाली, "आजी." पण नवव्या नोंदीला ती अडली. "हे नाही. इतकं नीट नाही बोलायची ती." म्हणजे मूळच्या रकान्यातसुद्धा काकांचा हात फिरला होता. बदलण्याआधी उतरवून घेताना त्यांनी थोडं पुसलं होतं, थोडं घासलं होतं, राहवलं नसणार. साक्षीदार एकच, आणि तोच चोर. ती एकेक वाचत गेली, नात एकेक निवडत गेली, धान्यातले खडे काढावेत तशी. बावीस वाक्यं आजीची. आठ सांगता येत नाहीत. आणि एकतिसावं नाहीच.

"सत्त्याऐंशीवरचं मलाही माहीत नाही," नात म्हणाली. "आजी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची. तिथे आली की मनात वाचायची, नुसते ओठ हलायचे. आईने विचारलं तर म्हणायची, छापलंय ना, मोठी झालीस की वाच. आई वाचायच्या आधी गेली. मी म्हटलं, सावकाश वाचू. पुस्तक कुठे पळून जातंय."

"मी खूप..." तिने सुरुवात केली.

"ते नको," नात म्हणाली. "बावीस आहेत तशी घाला. त्या माणसाचं जे जे आहे ते सगळं काढा. आठ आणि ते एक, तिथे काही लिहू नका. ठिपके नकोत, तळटीप नको, क्षमस्व तर नकोच. वाक्य जेवढं होतं तेवढीच कोरी जागा सोडा. कुणीतरी होतं आणि आता नाही, एवढं दिसू दे." आणि फोन ठेवताना म्हणाली, "बाकीची पंचावन्न कुणाची आहेत त्यांनाही सांगा. त्यांना वाटत असेल, सुरक्षित आहेत."

तिने तिथेच बसून त्रेचाळीस जणांना कळवलं: चूक माझी आहे, छप्पन्न पुस्तकांवरचा शिक्का काढला आहे. मग 'दोन हजार बाळंतपणं' उघडलं, आणि पहिल्या पानापासून, पहिल्यांदा, वाचत वाचत कामाला लागली. बावीस वाक्यं तिने एकेक करून घातली. यजमान गेले, दारात बांधलेलं जनावर आलं. हृदय विदीर्ण व्हायचं थांबलं. आठ जागा तिने वहीतल्या अक्षरांची लांबी मोजून कोऱ्या सोडल्या. दुपार कलली तेव्हा ती सत्त्याऐंशीव्या पानावर पोचली. रुग्णसेवेची ओढ तिने पुसून टाकली आणि तिथे अडली. किती जागा सोडायची? मोजायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिने काकांना फोन लावला. हॅलो नाही, नमस्कार नाही.

"सत्त्याऐंशीवरचं ते किती ओळींचं होतं?"

"साडेतीन," काका तत्काळ म्हणाले. "चौथी ओळ मध्यावर तुटते."

आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं असावं. "ताई," ते हलकेच म्हणाले. तिने फोन ठेवला. साडेतीन ओळी मोजून पांढऱ्या सोडल्या, आणि खालचं वाक्य जिथे होतं तिथेच राहू दिलं. त्याला काकांनीही हात लावला नव्हता. चौथ्या ओळीच्या मध्यावरून, वर काहीच नसताना, ते सुरू होत होतं: म्हणून मी पोरीला उचललं आणि ते घर सोडलं.